स्टेनोबाईंचा संगणक गेला तेव्हा

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ज्या बाई राहतात त्यांना लहानथोर सगळे स्टेनोबाई म्हणतात. त्यांचं खरं नाव खाली पत्रपेटीवर लिहिलेलं आहे, पण ते वाचायची वेळ पोस्टमनशिवाय कुणावर येत नाही. छत्तीस वर्षं त्यांनी कोर्टात काढली. न्यायाधीशांनी बोलायचं, यांनी लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करायचं. नवरा लवकर गेला. त्याच पगारावर त्यांनी मुलाला शिकवलं, घर घेतलं. सगळं केलं, पण त्याचा गाजावाजा कधी केला नाही. मुळात त्या बोलायच्याच कमी.

त्यांच्या हॉलमध्ये खिडकीशी एक टेबल होतं आणि त्यावर संगणक. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं घेतलेला, मोठ्या डब्याचा, सुरू होताना घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करणारा. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून गेलेली. मुलगा म्हणायचा, "आई, तुझा कीबोर्ड म्हणजे कोरी पाटी आहे." त्यांना फरक पडत नव्हता. बोटांना सगळं पाठ होतं. घरकाम आटोपलं की दहाच्या ठोक्याला त्या तिथे बसायच्या. विजेचं बिल, दूरच्या थोरल्या बहिणीला पत्र, नातेवाइकांचे फोटो नीट नावं घालून ठेवणं, आणि आमच्या सोसायटीच्या नोटिसा. नोटिसांचं काम त्यांच्याकडे आपसूकच गेलं होतं. एवढ्या स्वच्छ, बिनचूक नोटिसा दुसरं कोण काढणार? आमचे अध्यक्ष शाळेत कवायत शिकवायचे, त्यांना आम्ही जनरल म्हणतो. ते नव्या भाडेकरूंना सांगायचे, "या बाईंनी उभ्या आयुष्यात एक चूक केलेली नाही."

गेल्या वर्षी पाण्याची टाकी धुवायची होती. बुधवारी सकाळी दोन तास पाणी बंद राहणार होतं. नोटीस लागली. तिच्यात लिहिलं होतं, पाणी २२ तास बंद राहील.

आता स्टेनोबाईंनी लिहिलंय म्हटल्यावर शंका घेणार कोण? मंगळवारी सगळी इमारत पाणी भरायला लागली. बादल्या, पातेली, कुकर, लहान मुलांचा टब. आमच्या घरी तर फुलदाणीसुद्धा सुटली नाही. संध्याकाळपर्यंत टाकीने तळ गाठला. बुधवारी टाकी धुणारी माणसं आली, वर चढून डोकावली आणि खाली येऊन म्हणाली, "टाकी कोरडी आहे. धुवायला तरी पाणी ठेवायचं होतं." शेवटी लोकांनी आपापल्या घरातून भरलेल्या बादल्या गच्चीवर नेल्या आणि त्या पाण्याने टाकी धुतली. आम्ही हसून हसून बेजार झालो. जनरल जिन्यात भेटले तेव्हा तेही हसत होते. "काय बाई, दोनाचे बावीस कसे झाले?"

स्टेनोबाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावरून नोटीस काढली, चार घड्या केल्या आणि घरी नेली.

घरी मुलगा म्हणाला, "एक आकडा तर चुकला गं. कशाला मनाला लावून घेतेस?" त्यांची सून मात्र त्या घडी घातलेल्या कागदाकडे बघत होती. ही सून कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसाला शेकडो शर्ट तिच्या डोळ्यांखालून जातात. कुठे टाका सुटलाय, कुठे एकावर एक दोन टाके पडलेत, हे तिला हात फिरवताच कळतं. तिने ती नोटीस उलगडून पाहिली. जुन्या नोटिसांची फाइल कपाटात होती. सासूबाई देवळात किंवा बाजारात गेल्या असतील तेव्हा हे काम करावं, म्हणून ती सुट्टीच्या दिवसापर्यंत थांबली. बसून एकेक कागद पाहिला. चार महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं लख्ख. त्यानंतर कुठे "सभासदद", कुठे "रविववार". बऱ्याच ठिकाणी जादा अक्षर पेनाने हळूच खोडलेलं. मग ती संगणकापुढे बसली आणि त्या कोऱ्या कीबोर्डवरची एकेक कळ दाबून कुठलं अक्षर कुठे आहे ते शोधत गेली. दोनदा पडलेली सगळी अक्षरं उजव्या हाताखालची होती, दोनाचा आकडाही उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवरचा.

आम्हा सगळ्यांना स्टेनोबाईंची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलताना दिसायची. आम्ही म्हणायचो, जुनी सवय, कुणी बोललं की हात लिहायला लागतो. सुनेलाही तेच वाटत होतं. त्या दिवशी तिला आठवलं की समोर कुणी बोलत नसतानाही तो हात हलतो.

पंधरा दिवसांनी सुनेने एक टॅबलेट आणला. पाटीएवढा, पातळ. मुलगा खूश झाला. त्याच्या डोक्यात कधीपासून होतं की हा डबा हटवावा आणि खिडकी मोकळी करावी. सून एवढंच म्हणाली, "आई, संगणक खूप जागा खातो. यात सगळं होतं. बिल, फोटो, पेपर. पलंगावर बसूनही वाचता येईल, अक्षरं हवी तेवढी मोठी होतात."

"माझा बंद पडलेला नाही अजून," स्टेनोबाई म्हणाल्या.

"राहू दे मग दोन्ही. बघा तर खरं."

त्यांनी पाहिलं. फोटो आवडले, दोन बोटांनी मोठं करून बहिणीच्या नातवाच्या गालावरची खळी पाहिली. पेपर वाचला. बिलही भरलं, ते तर मिनिटात झालं. पण लिहायला घेतलं आणि काचेवर कीबोर्ड आला, त्यात अक्षरं अ, आ, इ, ई अशी ओळीने मांडलेली. "हे काय, बालवाडीत बसवलं का मला?" त्या म्हणाल्या. मुलाने जुन्या टाइपरायटरसारखी मांडणी शोधून दिली. तरी जमेना. कळा नाहीत, कडा नाहीत, बोट टेकवावं तर काच आधीच लिहून मोकळी. थरथरत्या बोटाला तर ती एकाचे तीन करून दाखवायची. आयुष्यभर दहा बोटांनी लिहिलं आणि आता एका बोटाने टोचत बसायचं, हे काही त्यांना पटेना. त्यांनी टॅबलेट उशीखाली ठेवला आणि पुन्हा संगणकापुढे जाऊन बसल्या. एक नोटीस लिहायला पूर्वी पाच मिनिटं लागायची, आता पाऊण तास लागू लागला. दोनदा लिहायचं, चारदा वाचायचं. पण हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

असा महिना गेला. एका दुपारी सून सुट्टीवर होती. दोघी चहाला बसल्या. स्टेनोबाईंनी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"एक विचारू? गेले कित्येक दिवस माझा कप अर्धाच का असतो?"

सून बिस्किटांचा डबा उघडू लागली.

"तुझा भरलेला असतो. त्याचाही भरलेला असतो."

"मी तुम्हाला दोनदा देते ना," सून म्हणाली.

"ते झालंच. पण अर्धा का?"

सुनेने आपला कप बाजूला ठेवला. "सांडतो म्हणून, आई. पूर्ण भरला की तुम्ही तो उचलतच नव्हता. निवून जायचा. मग तुम्ही म्हणायचात, आज नको वाटतोय."

स्टेनोबाईंनी तो अर्धा कप पिऊन संपवला. मग विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"नाही. मी नाही सांगितलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"म्हणजे ती पाटी जागेसाठी नाही आणलीस."

"नाही," सून म्हणाली. "तिच्यात बोलून लिहिता येतं. आमच्या सुपरवायझर बाईंचा हात मोडला होता, त्या तसंच करायच्या. तुम्हाला एकदम सांगितलं असतं तर तुम्ही हातच लावला नसता."

हे मला पुढे स्टेनोबाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, "मला राग यायला हवा होता. आलाही असेल थोडा. पण मी चार महिने एकटी लपवत होते आणि ही दोन महिने माझ्याबरोबर लपवत होती. मला एकदम हलकं वाटलं."

त्या आठवड्यात दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. घाबरण्यासारखं नाही, म्हणाले, पण पूर्ण जाणारंही नाही. सावकाश घ्यायचं. एक गोळी लिहून दिली. घरी येऊन स्टेनोबाईंनी मुलाला सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "एक टॅबलेट डॉक्टरांनी दिली, एक तुझ्या बायकोने दिलाय. बघू कुठला लागू पडतो." मुलगा हसला नाही. त्याने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या टॅबलेट घेऊन बसल्या. माइकच्या चिन्हावर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली, बोला.

आणि त्यांना काही बोलताच येईना.

आयुष्यभर समोरच्याने बोलायचं आणि त्यांनी लिहायचं, अशी वाटणी होती. न्यायाधीश साहेब म्हणायचे, "घ्या बाई," आणि त्या घ्यायच्या. आता घेणारी ती काच होती आणि सांगणाऱ्या त्या. त्यांनी घसा साफ केला. काचेने तेवढ्यातूनही कसलंसं अक्षर काढलं. शेवटी त्या कोर्टातल्या आवाजात म्हणाल्या, "नोटीस. सर्व सभासदांना कळविण्यात येते की. स्वल्पविराम." पडद्यावर आलं, "नोटीस सर्व सभा साधूंना कळविण्यात येते की स्वल्पविराम." रजा घेऊन घरी राहिलेली सून आत भाजी चिरत होती, ती धावत आली, कारण सासूबाई एकट्याच मोठ्याने हसत होत्या. असं त्यांना हसताना तिने लग्नानंतर प्रथमच पाहिलं, असं ती म्हणते.

हळूहळू जमत गेलं. कुठे थांबायचं, शब्द कसा सुटा उच्चारायचा, चुकलेल्या शब्दावर बोट ठेवून तो पुन्हा कसा सांगायचा. सून संध्याकाळी येऊन एकदा नजर टाकायची आणि शर्टाचा टाका पकडावा तशी चूक पकडायची. नोटिसा झाल्या, बहिणीला पत्रं झाली. पत्रं पूर्वीपेक्षा लांब होऊ लागली. बहिणीने फोनवर विचारलं, "तुला झालंय काय? एवढं बोलतेस कधीपासून?"

मग एका सकाळी त्यांनी माइक सुरू केला आणि नोटीस सांगितली नाही, पत्रही सांगितलं नाही. त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वीची एक साक्ष सांगायला सुरुवात केली.

एका बांधकामावर परांचीवरून पडून एक गवंडी गेला होता. त्याच्या बायकोने ठेकेदारावर दावा लावला होता. ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. ठेकेदाराच्या वकिलाने विचारलं, नवऱ्याच्या कमरेला सुरक्षेचा पट्टा होता का? ती म्हणाली, "पट्टा दिलाच नव्हता." दुपार होती, पंखा बंद होता, साहेब सकाळपासूनची अकरावी साक्ष ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, थकला होता. त्यांनी सांगितलं, "घ्या बाई. साक्षीदार म्हणते, पट्टा वापरला नव्हता."

स्टेनोबाईंची बोटं थांबली. दिला नव्हता आणि वापरला नव्हता यात काय फरक आहे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं. साहेबांनी वर पाहिलं. "झालं का?" त्या म्हणाल्या, "हो साहेब." आणि त्यांनी टाइप केलं, वापरला नव्हता. बाईला जबाब वाचून दाखवला. कारकुनाने भराभर वाचला. तिने मान हलवली, सही केली. पुढे दावा फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं, मयताने पट्टा वापरण्याची काळजी घेतली नाही. तो निकालही स्टेनोबाईंनीच टाइप केला. एकही चूक नव्हती.

मी हे वाचलंय, म्हणून सांगतो. त्यांनी तो कागद मला स्वतः दिला. शेवटी असं आहे, "दोनाचे बावीस झाले तेव्हा सगळे म्हणाले, बाईंची पहिली चूक. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं की ती पहिली नव्हती."

सून संध्याकाळी नेहमीसारखी नजर टाकायला बसली. पूर्ण वाचून झाल्यावर तिने एकही दुरुस्ती सांगितली नाही. मग म्हणाली, "त्या बाई कुठे असतील आता?"

"मला कसं माहीत?"

"वकील तर असतील कुणी त्यांचे."

वकील होते. स्टेनोबाईंना नाव आठवत होतं, त्यांना सगळी नावं आठवतात. सुनेने दोन दिवस फोनाफोनी करून नंबर मिळवला. रविवारी सकाळी टॅबलेटवर व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक पंच्याऐंशीच्या घरातले गृहस्थ आले, अंगावर स्वेटर, चेहरा अर्धाच दिसतोय. त्यांच्या मुलीने मागून फोन सरळ केला. स्टेनोबाईंनी ओळख सांगितली, आणि मग कागद न बघता ती साक्ष पुन्हा सांगितली. मध्ये अडखळल्या, पण पूर्ण सांगितली.

म्हातारे वकील ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला ऐकू आलं होतं, बाई. ती काय म्हणाली तेही, आणि साहेबांनी काय सांगितलं तेही. मी उठायला हवं होतं. ते माझं काम होतं, तुमचं नव्हे. पण त्याच साहेबांपुढे दुसऱ्या दिवशी माझी तीन प्रकरणं होती."



"अपील?" स्टेनोबाईंनी विचारलं.

"तिला पुढे लढायचं नव्हतं. भावाकडे गेली, लांब. दोन पोरी होत्या. माझ्याकडे पत्ता नाही. तेव्हाही नव्हता." मग ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ते मला पाठवा. माझ्या नावासकट लिहिलंत तरी चालेल."

त्यांनी पाठवलं. त्याने कुणाचं काही परत आलं नाही, हे त्यांना माहीत आहे. ती बाई सापडली नाही. सून अजून मधूनमधून शोधते. कधी एखादी ओळख निघते, पण ती चुकीची असते. स्टेनोबाई म्हणतात, "सापडली तर काय बोलायचं, हे मी ठरवून ठेवलेलं नाही. ठरवलं तर पुन्हा कुणाचं तरी सांगितलेलं वाचल्यासारखं होईल."

त्या महिन्यातच त्यांनी मुलाला संगणक हलवायला सांगितलं. तो डबा वाचनालयाने पुस्तकांची यादी ठेवायला नेला. नेताना मुलाने विचारलं, "कीबोर्ड ठेवू का आठवण म्हणून?" त्या म्हणाल्या, "कशाला? त्यांनी यादी काय बोटांनी हवेत लिहायची?" खिडकी मोकळी झाली. टेबलाच्या जागी आरामखुर्ची आली. तरी सुरुवातीचे काही दिवस सकाळी दहाला त्यांची पावलं तिथेच वळायची आणि खुर्ची पाहून थबकायची. काही गोष्टी टॅबलेटवर त्यांना अजून आवडत नाहीत. फोटो कुठे जाऊन बसतात ते कळत नाही, आणि आपण काही न विचारता तो मधेच काहीतरी सुचवतो, त्याचा त्यांना राग येतो. "साहेबसुद्धा एवढं मधे बोलत नसत," त्या म्हणतात.

सोसायटीच्या पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. एरवी त्या कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायच्या. म्हणाल्या, "माझा हात कापतो. टाकीच्या वेळी त्यामुळेच चूक झाली. यापुढे नोटिसा मी बोलून लिहीन, माझी सून तपासेल. कुणाला अडचण असेल तर आत्ताच सांगा." जनरल खुर्चीत चुळबुळले. त्यांनी फक्त "नाही, नाही" केलं आणि पुढच्या विषयाकडे वळायला विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका त्यांच्या दारात उभे होते. ऐंशी पार केलेले, दुकान कधीच बंद केलेले, एकटे राहणारे. मी तेव्हा तिथे जुने पेपर द्यायला गेलो होतो. काकांनी आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, पायऱ्यांना नावं ठेवली. मग आपले दोन्ही हात पुढे केले. दोन्ही कापत होते.

"मला धाकट्या भावाला लिहायचं होतं," ते म्हणाले. "फोनवर नको. फोनवर आम्ही भांडतो."

स्टेनोबाईंनी त्यांना आरामखुर्चीत बसवलं, टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला, माइक सुरू केला आणि स्वतः समोर स्टूल घेऊन बसल्या. काकांनी काचेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा काचेकडे पाहिलं.

"काय बोलू?"

"जे त्याला म्हणायचंय ते."

"चुकलं तर?"

"पुन्हा सांगायचं," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

सुनेने आतून दोन कप चहा आणून ठेवला, दोन्ही अर्धे. काका अजून गप्पच होते. स्टेनोबाई हात मांडीवर ठेवून थांबल्या होत्या. मी पेपर दाराशी ठेवले आणि आवाज न करता खाली आलो.